थंडीची लाट मोजता, तशा उबदार रात्री आणि धुकेही मोजा

प्रति,
मा. महासंचालक, भारतीय हवामान विभाग,
मा. प्रमुख, कृषी हवामान विभाग, पुणे,
मा. कृषी आयुक्त, महाराष्ट्र राज्य, यांस

महोदय,

नाशिक जिल्ह्यातील निफाड, दिंडोरी, चांदवड या पट्ट्यात द्राक्षाच्या गोडी बाराच्या, म्हणजे फळ धरण्यासाठीच्या, छाटण्या सुरू झाल्या आहेत. आज ज्या बागेत कात्री चालते आहे, ती बाग नोव्हेंबरच्या अखेरीस फुलोऱ्यात येईल, आणि साधारण त्याच दिवसांत आपल्याकडून डिसेंबर ते फेब्रुवारी या तीन महिन्यांच्या तापमानाचा हंगामी अंदाज जाहीर होईल. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत ‘यंदा थंडी कमी’ किंवा ‘यंदा कडाका’ असा मथळा येईल, शहरातले लोक स्वेटर बाहेर काढायचे की नाही ते ठरवतील आणि आम्ही त्या मथळ्याकडे बघून गप्प बसू, कारण त्यातून आमच्या हाती काहीच लागत नाही. दरवर्षीचे हे गप्प बसणे यंदा मला पटेना, म्हणून अंदाज निघण्याच्या आधीच हे पत्र लिहीत आहे. ते तिघांना एकत्र लिहिले आहे, कारण अंदाज एका कार्यालयाचा, सल्ला दुसऱ्याचा आणि विम्याचे निकष तिसऱ्याचे, अशी विभागणी असल्यामुळे प्रत्येक ठिकाणी ‘हा विषय आमच्याकडे नाही’ हेच उत्तर मिळत आले आहे.

मी निफाड तालुक्यातील द्राक्ष बागाईतदार आहे. वडिलांनी लावलेली थॉमसन आणि नंतर मी वाढवलेली सोनाका अशा दोन जातींची माझी बाग आहे. त्यातील चांगला माल युरोपला जाणाऱ्या कंटेनरमध्ये जातो आणि उरलेला स्थानिक बाजारात किंवा बेदाण्याला. आमच्या तालुक्याचे नाव हिवाळ्यात राज्यभर घेतले जाते ते कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात नोंदल्या जाणाऱ्या नीचांकी तापमानामुळे. पारा पाच-सहा अंशांवर आला की वार्ताहर येतात, शेकोटीचे फोटो निघतात, द्राक्षांना धोका असल्याची बातमी लागते. तो धोका खोटा नाही. कडाक्यात मणी तडकतात, वाढ थांबते, दिवस-रात्रीच्या तापमानात मोठी तफावत पडली की थॉमसनचे मणी गुलाबी पडतात आणि तो माल निर्यातीतून बाद होतो. परंतु गेल्या काही हिवाळ्यांत आमच्या बागांचे जे नुकसान झाले, त्यातले मोठे नुकसान थंडीने केलेले नाही. ते डिसेंबरमध्ये चार-पाच दिवस न हटणाऱ्या ढगांनी, त्या ढगांखालच्या उबदार रात्रींनी आणि ढग विरल्यावर पहाटे खाली बसणाऱ्या धुक्याने केलेले आहे.

हे नेमके कसे घडते ते आपणांस मी सांगावे असे नाही, पण पत्र जाहीर असल्यामुळे वाचकांसाठी लिहितो. बंगालच्या उपसागरात चक्रीवादळ झाले किंवा अरबी समुद्रात कमी दाबाचे क्षेत्र तयार झाले की आमच्याकडे उत्तरेचे कोरडे वारे थांबतात आणि पूर्वेकडून किंवा दक्षिणेकडून बाष्प येऊ लागते. २०२४ च्या नोव्हेंबरअखेरीस ‘फेंजल’ वादळ पुदुच्चेरीजवळ किनाऱ्याला लागले आणि त्याचे ढग डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आमच्या डोक्यावर होते. ढगांचे पांघरूण असले की रात्री जमिनीची ऊब वर जात नाही, त्यामुळे किमान तापमान एकदम चढते. मग आकाश मोकळे होते, वारा पडतो, रात्र लांब असते, जमीन आणि हवा दोन्ही ओली असतात, आणि गोदावरी, कादवा, दारणा यांच्या खोऱ्यांत, नांदूरमध्यमेश्वरच्या कालव्यांच्या काठाने, उसाच्या फडांवर आणि ठिबकखालच्या बागांवर पहाटे धुके उतरते. थंडी परत येईपर्यंत हे चक्र कितीही दिवस चालू शकते.

डाऊनी या द्राक्षावरच्या रोगाच्या बुरशीला हेच हवे असते. पानावर काही तास सलग पाणी आणि रात्रीचे तापमान फार खाली गेलेले नाही, एवढे जमले की तिचे बीजाणू रातोरात तयार होऊन दुसऱ्या पानावर रुजतात. कडाक्याच्या थंडीत दव पडले तरी ती मंद असते, म्हणजे ज्या थंडीची बातमी होते तीच या बाबतीत आमच्या बागेची राखण करत असते. ढगाळ, दमट, सुखद वाटणाऱ्या हवेत भुरी या दुसऱ्या बुरशीजन्य रोगालाही बळ मिळते, आणि भुरीला तर पानावर पाणीसुद्धा लागत नाही. फुलोऱ्यात किंवा मणी धरताना धुके पडले तर गळ आणि कूज होते, मग घडात मणीच उरत नाहीत. पुढे औषध मारून पान वाचवता येते, पण गळून गेलेला मणी परत येत नाही.

अशा पहाटे बागेत काय चालते ते एकदा बघावे. मंडपाच्या तारांवरून थेंब गळत असतात, मोबाइलच्या उजेडात पान उलटले की खालच्या बाजूला पांढरी लव दिसते, आणि ती दिसली तेव्हा उशीर झालेला असतो हे पाहणाऱ्याला कळलेले असते. फवारणी करावी तर ओल्या पानावर औषध टिकत नाही, ओघळून जाते. म्हणून पुष्कळ जण ट्रॅक्टरला ब्लोअर जोडून टाकीत औषध न घालता नुसत्या वाऱ्यावर ओळींतून फिरवतात, म्हणजे वेलीवरचे पाणी झडते. डिझेल जाळून दव झटकायचे, ऊन येऊन पान सुकेपर्यंत थांबायचे आणि मग संध्याकाळच्या आत सगळी बाग फवारून काढायची. सगळ्या गावाला एकाच दिवशी हे करायचे असते, त्यामुळे त्या दिवशी मजूर मिळत नाही आणि भाड्याचा ब्लोअरही मिळत नाही. दोन दिवस आधी कळले असते तर संरक्षक फवारणी कोरड्या पानावर, निम्म्या धावपळीत झाली असती.

जादा फवारणीचा प्रश्न खर्चावर संपत नाही. युरोपला जाणाऱ्या प्रत्येक प्लॉटची नोंद असते, प्रयोगशाळेत मालात उरलेला औषधाचा अंश तपासला जातो आणि प्रत्येक औषधासाठी शेवटची फवारणी ते काढणी यांत किती दिवस जायला हवेत ते ठरलेले असते. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराइड या वेलीची वाढ आवरणाऱ्या रसायनाच्या अंशावरून युरोपात आपली द्राक्षे नाकारली गेली, ते या धंद्यातला कोणी विसरलेला नाही. जानेवारीत धुक्याने अचानक गाठले की बागाईतदारापुढे दोनच वाटा उरतात: औषध मारून निर्यात धोक्यात घालायची किंवा औषध न मारता बाग धोक्यात घालायची. वेळेवरचा इशारा ही आमच्यासाठी औषधाइतकीच गरजेची गोष्ट आहे, असे मी म्हणतो ते यासाठी.

आता तक्रारींकडे येतो.

पहिली आणि माझ्या मते सर्वांत मोठी तक्रार निकषांची आहे. थंडीच्या लाटेची व्याख्या आपल्याकडे आहे: मैदानी भागात किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली आणि सरासरीपेक्षा किमान ४.५ अंशांनी कमी, किंवा थेट ४ अंश अथवा त्याखाली. ‘उबदार रात्री’चीही व्याख्या आहे, पण ती दिवसाचे कमाल तापमान ४० अंश किंवा त्याहून जास्त असेल तरच लागू होते. ती उन्हाळ्यातील माणसांच्या जिवासाठी केलेली आहे आणि त्या कामासाठी योग्यच आहे. मात्र तिचा परिणाम असा होतो की डिसेंबरमध्ये निफाडची रात्र सरासरीपेक्षा सहा-सात अंशांनी उबदार राहिली, तरी आपल्या इशाऱ्यांच्या भाषेत त्या रात्री काहीही घडलेले नसते. तेवढ्याच अंशांनी ती थंड असती तर नकाशावर रंग चढला असता.

धुक्याचेही तेच. दृश्यमानता १,००० मीटरच्या खाली गेली की धुके, २०० मीटरच्या खाली गेली की दाट धुके, ५० च्या खाली अतिदाट. हे माप वैमानिकाचे, इंजिन चालकाचे आणि महामार्गावरच्या ड्रायव्हरचे आहे. वेलीला किती लांबचे दिसते याने काही फरक पडत नाही, तिच्या पानावर किती तास पाणी राहिले याने पडतो. सातशे मीटर दिसणारे विरळ धुके सकाळी दहापर्यंत रेंगाळले तर ते तासाभरात उठलेल्या दाट धुक्यापेक्षा बागेला जास्त घातक असते, आणि ते आपल्या इशाऱ्यात येतच नाही. २०१५-१६ च्या हिवाळ्यापासून पुण्याच्याच उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने दिल्लीच्या विमानतळावर धुक्याचा मोठा प्रयोग चालवला आहे. धुके कधी धरेल, कधी उठेल याचा अंदाज आता पूर्वीपेक्षा चांगला देता येतो तो या कामामुळे. या शास्त्रज्ञांविषयी आदर आहेच. पण पुण्याहून दिल्लीच्या धावपट्टीपर्यंत पोहोचलेले हे ज्ञान पुण्याहून निफाड, तासगाव किंवा पंढरपूरपर्यंत का पोहोचू नये, हे मला समजत नाही.

दुसरी तक्रार हंगामी अंदाजाच्या वेळेची आणि विस्ताराची आहे. अंदाज चुकतो अशी माझी तक्रार नाही, हे मुद्दाम नमूद करतो, कारण हवामान खात्याची टिंगल करणे हा आपल्याकडचा जुना छंद आहे आणि मला त्यात सामील व्हायचे नाही. २०२४-२५ च्या हिवाळ्यासाठी आपण देशाच्या बहुतांश भागांत तापमान सरासरीपेक्षा जास्त राहील आणि थंडीच्या लाटेचे दिवस कमी असतील, असे सांगितले होते. पुढे २०२५ चा फेब्रुवारी सरासरी तापमानाच्या बाबतीत १९०१ पासूनचा देशातील सर्वांत उष्ण फेब्रुवारी ठरला. अंदाज बरोबर होता. पण तो आला डिसेंबरच्या सुरुवातीला, आणि छाटणी कधी करायची, सगळी बाग एकदम छाटायची की टप्प्याटप्प्याने, हा निर्णय आम्ही सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच घेतलेला असतो. त्यानंतर मिळालेली माहिती खरी असली तरी आमच्यासाठी शिळी असते. शिवाय ती ‘मध्य महाराष्ट्र’ या उपविभागाच्या पातळीवर वाचावी लागते. त्या उपविभागात नंदुरबार येते आणि कोल्हापूर येते, महाबळेश्वर येते आणि सोलापूरही येते. या सर्वांचा मिळून एक रंग नकाशावर भरला की तो कोणाच्याच शेताचा राहत नाही.

तिसरी तक्रार सल्ल्याची. कृषी हवामान सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो. नाशिक जिल्ह्याचा सल्ला इगतपुरीच्या केंद्रातून येतो. घाटमाथ्यावरची, भाताची, मुसळधार पावसाची इगतपुरी आणि पावसाच्या सावलीतला, जिल्ह्याच्या पूर्वेकडचा निफाड-चांदवड पट्टा यांच्या हवेत किती अंतर आहे, हे नाशिकहून रेल्वेने दोन्हीकडे गेलेला कोणीही सांगेल. तिथले शास्त्रज्ञ मेहनतीने काम करतात, पण एका जिल्ह्यात दोन-तीन हवामाने असतील तर एका पत्रकात ती मावत नाहीत. हेच ओळखून कृषी विज्ञान केंद्रांमध्ये जिल्हा कृषी हवामान केंद्रे उघडण्यात आली होती. देशभरातील अशी १९९ केंद्रे २०२३-२४ या आर्थिक वर्षाच्या अखेरीस बंद करण्याचा आदेश निघाला. त्याच वर्षी, सप्टेंबर २०२४ मध्ये, केंद्र सरकारने ‘मिशन मौसम’साठी २,००० कोटी रुपये मंजूर केले. रडार, उपग्रह, महासंगणक हे सगळे हवेच, ते नको असे कोण म्हणेल? पण महासंगणकातून निघालेला आकडा आणि बागेत उभा असलेला माणूस यांच्यामध्ये जो एक जाणकार जिल्ह्यात बसत होता, त्याचीच खुर्ची काढून घ्यायची, हा हिशेब मला उलटा वाटतो.

याला उत्तर म्हणून ग्रामपंचायत पातळीवरचा अंदाज दाखवला जातो. ऑक्टोबर २०२४ पासून तो मिळू लागला आणि मे २०२५ मध्ये सहा किलोमीटर जाळीची, म्हणजे सहा-सहा किलोमीटरच्या चौकोनांसाठी अंदाज काढणारी, ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ही सुरू झाली. मी तो अंदाज नियमित पाहतो. त्यात तापमान, पाऊस, ढग, वारा, आर्द्रता यांचे आकडे येतात आणि पुष्कळदा ते जुळतातही. मग एवढ्या सामग्रीतून पान किती तास ओले राहील याचे गणित का मांडले जात नाही? आर्द्रता, वारा, ढग आणि तापमान एवढ्यावरून हा अंदाज काढण्याच्या पद्धती जगातल्या द्राक्ष उत्पादक देशांत वापरात आहेत. मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राकडे रोगांविषयीचे ज्ञान आहे, आपल्याकडे हवेचे आकडे आहेत, आणि दोन्ही संस्था पुण्यातच आहेत.

चौथी तक्रार मोजणी आणि विमा यांची, आणि ती राज्य शासनाकडे आहे. ‘महावेध’ प्रकल्पात महसूल मंडळनिहाय स्वयंचलित केंद्रे उभी राहिली. तिथे पाऊस, तापमान, आर्द्रता आणि वारा मोजला जातो, पानाचा ओलावा मोजला जात नाही. आमच्या मंडळाचे केंद्र उंचावर, माळावर आहे आणि बहुतेक बागा खाली, नदीकाठच्या मळईत आहेत. धुके साचते ते मळईत. माळावरच्या खांबावर सूर्य उगवलेला असतो तेव्हा खाली ओळीतला पुढचा खांब दिसत नाही. माझ्या हाती असलेल्या फळपीक विम्याच्या कागदावर अवेळी पाऊस आणि कमी तापमान यांचे निकष आहेत. दमट, उबदार, धुक्याच्या पंधरवड्यात घड कुजले तेव्हा मी विचारणा केली, आणि त्या कागदानुसार त्या पंधरवड्यात विमा लागू होण्याजोगे काही घडलेच नव्हते. कंपनीचे नाव घेत नाही, कारण तिने कागदाबाहेर काही केले नाही. दोष कागदाच्या रचनेचा आहे. जे मोजले जात नाही ते विम्यात येत नाही, आणि जे विम्यात नाही त्याचे पंचनामेही होत नाहीत. २६ नोव्हेंबर २०२३ ला निफाड तालुक्यात गारपीट झाली तेव्हा निदान गारा सर्वांना दिसल्या, मंत्री बांधावर आले, नोंद झाली. धुके सकाळी अकराला उठून जाते आणि मागे पुरावा ठेवत नाही.

ही गोष्ट द्राक्षांपुरती नाही हेही लक्षात आणून देतो. याच हवेत कांद्याच्या पातीवर करपा येतो आणि फुलकिडे वाढतात, कोकणात आंब्याचा मोहोर लांबतो, आणि फेब्रुवारी तापला की गव्हाचा दाणा बारीक राहतो. गव्हाच्या बाबतीत २०२३ च्या फेब्रुवारीत केंद्रीय कृषी मंत्रालयाने तापमानवाढीवर लक्ष ठेवण्यासाठी समिती नेमली होती. म्हणजे अवेळी उष्णता हे संकट आहे, हे सरकारला मान्य आहे. ते फक्त एका पिकापुरते मान्य असू नये.

म्हणून आमच्या मागण्या अशा आहेत.

एक, हिवाळ्यातील उबदार रात्रीसाठी वेगळा निकष ठरवावा. ऑक्टोबर ते फेब्रुवारी या काळात किमान तापमान सरासरीपेक्षा ठरावीक अंशांनी जास्त राहणार असेल आणि सोबत आर्द्रता जास्त असेल, तर थंडीच्या लाटेप्रमाणेच जिल्हानिहाय रंगीत इशारा द्यावा.

दोन, द्राक्ष पट्ट्यातील तालुक्यांसाठी, म्हणजे नाशिकबरोबर सांगली आणि सोलापूरच्याही, धुके आणि पानाचा ओलावा यांचा किमान ४८ तास आधीचा अंदाज तासांच्या आकड्यात द्यावा. ‘काही ठिकाणी धुके संभवते’ या वाक्यावर फवारणी ठरवता येत नाही.

तीन, हिवाळ्याचा प्राथमिक हंगामी अंदाज सप्टेंबरअखेर द्यावा. त्यात अनिश्चितता जास्त असेल तर तसे लिहावे. शक्यतेच्या भाषेत दिलेला अंदाज आम्हाला समजतो. बाजारभावाच्या बाबतीत आम्ही आयुष्यभर तेच करत आलो आहोत.

चार, बंद केलेली जिल्हा कृषी हवामान केंद्रे पुन्हा सुरू करावीत. निदान जिथे एकाच जिल्ह्यात घाटमाथा आणि पावसाच्या सावलीचा भाग दोन्ही आहेत, तिथे पूर्व भागासाठी स्वतंत्र हवामानतज्ज्ञ नेमावा आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी सल्ला रोज निघावा.

पाच, महसूल मंडळातील केंद्रांवर पानाचा ओलावा मोजणारे संवेदक बसवावेत आणि नदीकाठच्या सखल भागात पूरक केंद्रे द्यावीत. तेथील आकडे रोजच्या रोज सर्वांना पाहता यावेत.

सहा, त्या आकड्यांच्या आधारे पुढील हंगामापासून फळपीक विम्यात सलग ओलावा आणि उबदार रात्री यांचा निकष घालावा. तो ठरवताना मांजरीचे केंद्र आणि बागाईतदारांचे प्रतिनिधी यांना सोबत घ्यावे.

यांपैकी पहिल्या दोन मागण्यांना नवा निधी फारसा लागणार नाही, हे आपण जाणता. आकडे आपल्याकडे आहेत, यंत्रणा आहे, पत्रकही निघतेच. त्यात दोन रकाने वाढवायचे आहेत. पाचव्या मागणीला खर्च येईल. त्यासाठी जागा आम्ही देऊ, केंद्राची राखण करू, आणि संवेदकावर कोळ्याचे जाळे किंवा औषधाचा थर बसणार नाही याची काळजीही घेऊ. आमच्या भागातील अनेक बागाईतदारांनी स्वतःच्या पैशांनी बागेत छोटी हवामान केंद्रे बसवलेली आहेत. त्यांतील नोंदी पडताळणीसाठी हव्या असतील, तर त्या मिळवून देण्याचा प्रयत्न मी स्वतः करीन.

पुण्यात शेतीसाठी हवामानाचा स्वतंत्र विभाग १९३२ साली सुरू झाला आणि १९४५ पासून शेतकऱ्यांसाठी हवामानवार्ता निघू लागली. शिवाजीनगरच्या त्या कार्यालयाला पुणेकर अजून ‘सिमला ऑफिस’ म्हणतात. इतक्या जुन्या विभागाकडून उत्तराची अपेक्षा ठेवणे गैर होणार नाही. डिसेंबरचा हंगामी अंदाज जाहीर होईल त्याच दिवशी, वरील सहा मागण्यांपैकी कोणत्या मान्य आहेत, कोणत्या नाहीत आणि नसल्यास का नाहीत, एवढे लेखी आणि जाहीरपणे सांगावे. तोपर्यंत आमच्या बागा फुलोऱ्यात आलेल्या असतील, तेव्हा उत्तर मराठीत आणि शक्यतो सकाळी लवकर मिळाले तर त्याच दिवशी उपयोगी पडेल.

आपला,
एक द्राक्ष बागाईतदार,
तालुका निफाड, जिल्हा नाशिक